बिस्किट, सिलिंडर आणि घरपोच सेवा

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दिवसभरात तीन माणसं हमखास दिसतात. एकाच्या खांद्यावर भारतगॅसचा सिलिंडर असतो. दुसऱ्याच्या हातात ब्लिंकिटची कागदी पिशवी असते आणि तिच्यातून दूध-कोथिंबिरीच्या जोडीनं ब्रिटानियाच्या बिस्किटांचा पुडा डोकावत असतो. तिसरा झोमॅटोची लाल पेटी घेऊन वॉचमनच्या वहीत घाईघाईनं फ्लॅटचा नंबर लिहीत असतो. त्याच्या दुचाकीत भरलेलं पेट्रोल पुष्कळदा भारत पेट्रोलियमच्या पंपावरचंच असतं.

या तिघांमागच्या कंपन्यांची शेअर बाजारात एकाच दिवशी अदलाबदल झाली. २८ मार्च २०२५ रोजी निफ्टी ५० या निर्देशांकातून ब्रिटानिया आणि भारत पेट्रोलियम बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी झोमॅटो आणि जिओ फायनान्शियल आल्या. त्याआधी तीन महिने, डिसेंबर २०२४ मध्ये, सेन्सेक्समध्ये जेएसडब्ल्यू स्टीलची जागा झोमॅटोनं घेतलीच होती. पोलाद गेलं, बिस्किट गेलं, पेट्रोल गेलं. ते घरी आणून देणारं अ‍ॅप आलं. ब्लिंकिटही २०२२ पासून झोमॅटोच्याच मालकीचं आहे.

आकडे समोर ठेवले की हा बदल किती मोठा आहे ते कळतं. २०२४-२५ या वर्षात भारत पेट्रोलियमचा निव्वळ नफा सुमारे १३,३०० कोटी रुपये होता. १८९२ साली कोलकात्यात सुरू झालेल्या आणि आता वाडिया समूहाकडे असलेल्या ब्रिटानियाचा सुमारे २,१८० कोटी. झोमॅटोचा, म्हणजे याच सुमारास इटर्नल असं नाव घेतलेल्या कंपनीचा, ५२७ कोटी. आणि बाजारानं त्या मार्चअखेर या कंपन्यांची केलेली किंमत? ब्रिटानिया आणि भारत पेट्रोलियम प्रत्येकी सुमारे १.२ लाख कोटी. इटर्नल जवळजवळ २ लाख कोटी. वर्षाला एक रुपया कमावणाऱ्या हिश्शासाठी बाजार भारत पेट्रोलियमला नऊ रुपये मोजत होता, ब्रिटानियाला पंचावन्नच्या आसपास आणि इटर्नलला साडेतीनशेहून अधिक.

माझं म्हणणं असं आहे की ही दरी तंत्रज्ञानाची जेवढी आहे तेवढीच जबाबदारीचीही आहे. कोणत्या कंपनीनं समाजाचं कोणतं ओझं उचलायचं आणि कुणाला ते माफ, हेही या किमतींमध्ये मिसळलेलं आहे. शिवाय आता या किमतींवर पगारदार माणसाच्या भविष्य निर्वाह निधीतला पैसा आपोआप लागतो. तेव्हा हा विषय ब्रोकर आणि त्याच्या गिऱ्हाइकापुरता राहिलेला नाही.

आधी बाजाराची बाजू, कारण ती खोटी नाही. शेअरची किंमत गेल्या वर्षीच्या नफ्यावर ठरत नाही, पुढच्या अनेक वर्षांच्या अपेक्षित नफ्यावर ठरते. २०२४-२५ मध्ये इटर्नलची उलाढाल सुमारे १२,००० कोटींवरून २०,००० कोटींच्या पुढे गेली. एका वर्षात पासष्ट टक्क्यांहून जास्त वाढ. बिस्किटांचा धंदा असा वाढत नाही; माणूस चहाबरोबर दोनाची तीन खाईल, सहा नाही खाणार. नवं गिऱ्हाईक जोडायला अ‍ॅपला नवी भट्टी लावावी लागत नाही. अमेरिकेतली एनव्हिडिया पाहा. तिची वार्षिक विक्री दोन आर्थिक वर्षांत सुमारे २७ अब्ज डॉलरवरून १३० अब्ज डॉलरवर गेली. ही वाढ प्रत्यक्ष विकलेल्या चिप्सची होती, आणि तिच्या शेअरची किंमत हवेत चढली असं कुणालाही म्हणता येणार नाही.

निर्देशांक बदलणं हेही पाप नव्हे. सेन्सेक्स १९८६ मध्ये प्रसिद्ध होऊ लागला तेव्हा त्यात कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, मुकंद होती, बॉम्बे डाइंग आणि सेंच्युरी या गिरण्या होत्या. त्या आज त्यात नाहीत आणि नसणंच योग्य आहे. गिरणगावाबद्दल मनात कितीही कालवाकालव झाली तरी बंद भोंग्याच्या कंपनीला निर्देशांकात बसवून ठेवून तो वाजत नाही.

आता एक तांत्रिक बाब. निफ्टीतली जागा कंपनीच्या पूर्ण किमतीवर ठरत नाही. बाजारात मोकळेपणानं फिरणाऱ्या शेअरच्या किमतीवर ठरते. याला फ्री फ्लोट म्हणतात. भारत पेट्रोलियमचे निम्म्याहून अधिक शेअर केंद्र सरकारकडे आहेत, ब्रिटानियाचे निम्म्याहून किंचित अधिक वाडिया समूहाकडे. ते मोजणीत धरत नाहीत. झोमॅटोला कुणी प्रवर्तक, म्हणजे कंपनी ताब्यात ठेवणारा मुख्य मालक, म्हणून नोंदलेलाच नाही, त्यामुळे तिचे जवळजवळ सगळे शेअर मोजले जातात. म्हणजे तराजूत एकीकडे अर्धी पोती आणि दुसरीकडे पूर्ण पोती. निर्देशांकाच्या कामासाठी ही पद्धत बरोबर आहे, कारण जे शेअर विकतच मिळत नाहीत ते फंडानं घ्यायचे कुठून? पण ‘देशातल्या सर्वांत मोठ्या पन्नास कंपन्या’ असा निफ्टीचा अर्थ लावून त्यावरून देश कुठे चालला आहे याचा निकाल देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यायला हवं.

नवं-जुनं हा भेद बाजाराला वाटतो तितका स्पष्ट कधीच नसतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकात सिअर्स, गुडइयर यांना काढून इंटेल आणि मायक्रोसॉफ्टला घेतलं. तेव्हा इंटेल म्हणजे उद्याचं जग. बरोबर पंचवीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याच इंटेलला काढून एनव्हिडियाला घेतलं. ऑगस्ट २०२० ची गोष्ट याहून बोलकी आहे. १९२८ पासून डाऊमध्ये असलेल्या एक्झॉनला तेव्हा बाहेर काढलं आणि सेल्सफोर्स ही सॉफ्टवेअर कंपनी आत आली. तेलाचा जमाना संपला, हे सगळ्यांना इतकं पटलं होतं. त्यानंतर दोन वर्षांत युक्रेनचं युद्ध पेटलं, तेल भडकलं, एक्झॉननं २०२२ मध्ये सुमारे ५६ अब्ज डॉलर नफा कमावला. २०२२ संपताना तिचा शेअर काढला त्या वेळच्या अडीचपटीवर होता आणि सेल्सफोर्सचा निम्म्यावर आला होता.

आपल्याकडे तर ‘तंत्रज्ञान’ हा शब्दच बाजारात जागा बदलतो आहे. हिंजवडीच्या रस्त्यांवर रोज सकाळी तुंबणाऱ्या बसमधला अभियंता वीस वर्षं नव्या अर्थव्यवस्थेचा चेहरा होता. २०२५ मध्ये निफ्टी वर गेला आणि आयटी कंपन्यांचा निफ्टी आयटी हा निर्देशांक घसरला. १९६८ साली स्थापन झालेल्या टीसीएसनं त्याच वर्षी सुमारे १२,००० माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. एआयच्या वादळात आता आपल्या आयटी कंपन्याच जुन्या ठरू लागल्या आहेत. मुलाला हिंजवडीत लावण्यासाठी ज्यांनी गावची शेती विकली, त्यांना हे समजावून सांगणं सोपं नाही.

तर मग दरी कशाची? भारत पेट्रोलियमला नफ्याच्या नऊच पट किंमत का मिळते ते पाहू. २०२२ च्या उन्हाळ्यात कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर गेलं, तरी सरकारी तेल कंपन्यांनी पंपावरचे दर त्या प्रमाणात वाढवले नाहीत. त्या एका तिमाहीत भारत पेट्रोलियमला सहा हजार कोटींहून अधिक तोटा झाला. कागदावर दर ठरवण्याचं स्वातंत्र्य कंपनीला आहे. प्रत्यक्षात महागाई आणि निवडणुका कंपनीच्या दारात येऊन बसतात. आपला सिलिंडर आपल्याला परवडावा म्हणून जी झीज सोसली जाते, ती बाजाराच्या लेखी या कंपनीचा दोष आहे. गुंतवणूकदाराच्या दृष्टीनं तो दोषच, मला मान्य आहे. पण नागरिक म्हणून मी त्याच झिजेचा लाभार्थी आहे. मग तिच्या कमी किमतीकडे बोट दाखवून ‘सरकारी कंपन्या अशाच’ असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

ब्रिटानियाकडे वळू. रांजणगावला तिचा मोठा कारखाना आहे. कारखाना म्हटला की जागा, भट्ट्या, वीज आणि कामगार आले. कामगार म्हटला की पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, युनियनबरोबरचा करार, पाळीची वेळ, कँटीन. यातली एकेक गोष्ट कुणी कनवाळूपणानं दिलेली नाही. या मुंबईच्या आणि या महाराष्ट्राच्या कामगारांनी संप करून, पोटाला चिमटा घेऊन ती मिळवलेली आहे. कंपनीच्या ताळेबंदात ती खर्च म्हणून दिसते. माणसाच्या आयुष्यात ती म्हातारपणची काठी असते.

आता तिसरा, लाल पेटीवाला. झोमॅटोसाठी दर महिन्याला सरासरी चार लाखांहून अधिक पोरं गाडी चालवतात. त्यांना कामगार म्हणत नाहीत, ‘डिलिव्हरी पार्टनर’ म्हणतात. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा, पावसाळ्यातला खड्डाही त्याच्याच नशिबाचा. अपघात विमा मिळतो, हे नोंदवायला हवं. पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि अ‍ॅपनं खातं बंद केलं तर दाद मागायला समोर माणूस नाही. ब्रिटानियाच्या नफ्यातून जे आधी वजा होतं, ते इथे वजाच होत नाही. मग एक रुपया नफ्याची तुलना कशी करायची? एका रुपयातून म्हातारपणची तरतूद कापलेली आहे. दुसऱ्यातून ती कापायची राहिली आहे.

साडेतीनशे आणि पंचावन्न यांतला सगळा फरक यातून आला, असं मी म्हणत नाही. वाढीचा वाटा मोठा आहेच. जुन्या कंपन्यांची बाजू घेताना मला त्यांची भाटगिरीही करायची नाही. चाकण, रांजणगाव, तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यांत आज कुणाशीही बोला. कायम कामगारांच्या जागा कंत्राटी मुलं आणि शिकाऊ उमेदवार भरून काढतात, अकरा महिन्यांनी बदलतात. माहुलला रिफायनऱ्यांच्या सावलीत राहणाऱ्यांनी श्वासापुरत्या हवेसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. जुन्या कंपन्यांनीही ओझी टाकून दिली आहेत. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. ओझं टाकणाऱ्याला बाजार जास्त भाव देतो हे एकदा दिसलं की ओझं उचलणारा शहाणा होतो आणि तोही टाकतो. अ‍ॅपची पद्धत कारखान्यात शिरते ती अशी.

हे सगळं हौशी गुंतवणूकदारांच्या पैशावर चाललं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण ऑगस्ट २०१५ पासून कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना आपल्या नव्या जमेचा काही भाग शेअर बाजारात घालते. सुरुवात पाच टक्क्यांनी झाली, पुढे मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत गेली. हा पैसा मुख्यतः निफ्टी ५० आणि सेन्सेक्स यांच्या ईटीएफमध्ये, म्हणजे निर्देशांकाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या फंडांमध्ये, जातो. ईटीएफचा व्यवस्थापक विचार करत नाही, त्यानं करायचाही नसतो. निर्देशांकात जे आलं ते घ्यायचं, जे गेलं ते विकायचं. तेव्हा मार्च २०२५ च्या त्या शुक्रवारच्या बदलासाठी देशभरच्या पगारदारांच्या निधीतून ब्रिटानिया विकली गेली आणि झोमॅटो घेतली गेली. त्यात रांजणगावच्या बिस्किट कामगाराचाही पैसा होता. त्याला ना कुणी विचारलं, ना कळवलं. ज्या पोराला स्वतःला पीएफ नाही, त्याला राबवणाऱ्या कंपनीचे शेअर दुसऱ्या कामगाराच्या पीएफमधून विकत घेतले गेले. हे वाक्य मी लिहून दोनदा वाचलं. त्यात चुकीचं काही नाही, सगळं नियमाप्रमाणे झालेलं आहे, आणि म्हणूनच ते मला जास्त अस्वस्थ करतं.

आणि घेतले ते कोणत्या भावाला? जुलै २०२१ मध्ये झोमॅटोचा शेअर ७६ रुपयांना विक्रीला आला. वर्षभरात तो पन्नासच्या खाली कोसळला. २०२४ च्या डिसेंबरात तो तीनशेच्या आसपास होता. निर्देशांकात शिरताना निफ्टीच्या फंडांनी तो घेतला दोनशेच्या घरात. ७६ ला किंवा चाळीस-पन्नासला घेण्याची जोखीम ज्यांनी पत्करली त्यांना फळ मिळालं, ते योग्यच. पण निर्देशांकाची रचनाच अशी आहे की कंपनी पुरेशी महाग झाल्याशिवाय ती आत येत नाही आणि पुरेशी स्वस्त झाल्याशिवाय बाहेर जात नाही. पंगतीत पीएफवाला शेवटी बसतो. इंटरनेटच्या जाळ्याची उपकरणं बनवणाऱ्या अमेरिकेतल्या सिस्कोचं उदाहरण लोकांना आठवत नाही. मार्च २००० मध्ये ती काही काळ जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी होती. इंटरनेट येणार हा तिचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, तिचा धंदाही पुढे वाढतच गेला. तरी त्या शिखरावर शेअर घेतलेल्याला दोन दशकं उलटून गेल्यावरही आपला भाव परत दिसला नव्हता. तंत्रज्ञान खरं असणं आणि किंमत खरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठी मध्यमवर्गाला हे शिकवायची गरज पडू नये. २००१ च्या जुलैत यूटीआयनं यूएस-६४ या योजनेतून पैसे काढणं थांबवलं, तेव्हा किती घरांत सन्नाटा पसरला होता. १९६४ पासून चालत आलेली योजना. निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, विधवा बायका ‘युनिट’ म्हणजे पोस्टाच्या पुस्तकाइतकंच पक्कं समजत. त्याआधीची दोन वर्षं बाजारात सॉफ्टवेअर आणि टेलिकॉमच्या शेअरचा धुमाकूळ होता, ‘ओल्ड इकॉनॉमी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता, आणि त्या लाटेत या सुरक्षित पैशाचाही काही हिस्सा ओढला गेला होता. आज नियम पुष्कळ कडक आहेत, ईटीएफचा कारभार उघड असतो, तो काळ जसाच्या तसा परतणार नाही. तरी सामान्य माणसाचा पैसा त्याच्या नकळत बाजाराच्या आवडत्या नावांमागे जातो, हे सूत्र ओळखीचं आहे.

निधी संघटनेच्या विश्वस्त मंडळात कामगार संघटनांचे प्रतिनिधी बसतात. त्यांनी तिथे विचारायला हवं की पीएफचा पैसा फक्त बाजारमूल्याच्या वजनानंच का वाटायचा? त्याच निफ्टीचा समान वजनाचा निर्देशांक उपलब्ध आहे, ज्यात पन्नासही कंपन्यांना सारखा वाटा मिळतो. फंडांना तो थोडा महाग पडतो, दर वेळी तोल सांभाळावा लागतो, हे खरं आहे. पण तीस वर्षांनी हातात येणाऱ्या पैशासाठी तेवढी तोशीस सोसण्यासारखी आहे, निदान काही भागापुरती.

मोठी मागणी मात्र दुसरी आहे, आणि तिच्यासाठी महाराष्ट्राला बाहेर कुठे बघायची गरज नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यानुसार अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम अशा कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायची आहे, पण ती कामगारांना दिलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांपलीकडे जाणार नाही. कायद्यानं या पोरांचं अस्तित्व मान्य केलं, ही चांगली सुरुवात. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२९-३० पर्यंत असे कामगार २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. एवढ्यांच्या म्हातारपणाला पाच टक्क्यांची कमाल मर्यादा कशी पुरेल? कारखान्यातल्या मालकाचा पीएफचाच वाटा बारा टक्के असतो.

कंपन्या म्हणतात, हा मुलगा आमचा नोकर नाही. तो सकाळी एका अ‍ॅपवर असतो, रात्री दुसऱ्या. अगदी हाच युक्तिवाद मशीद बंदरच्या आणि भातबाजाराच्या व्यापाऱ्यांनी हमालांबद्दल केला होता. हमाल एका दिवसात पाच पेढ्यांची पोती वाहतो, त्याचा मालक कोण? त्याला उत्तर म्हणून अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा उभा राहिला. मालक एक नसेना का, काम घेणारे सगळे मिळून मालक. हमालाची नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंदणी मंडळाकडे, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या वर द्यायची ठरावीक रक्कम, मंडळात जमा, आणि त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. व्यापार बुडाला का? वाशीच्या बाजार समितीत पहाटे जाऊन बघा. माथाडी मंडळांमध्ये पुढे खोट्या नोंदण्या झाल्या, दादागिरी शिरली, हप्ते उकळणारे टोळभैरव आले. हा इतिहासही लपवायचं कारण नाही. मात्र अ‍ॅपच्या धंद्यात प्रत्येक फेरी, प्रत्येक रुपया, प्रत्येक मिनिट आधीच संगणकात नोंदलेलं असतं. खोटा हमाल नोंदवता येत होता. खोटी ऑर्डर पोचवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक ऑर्डरमागे लेव्ही कापून ती त्या मुलाच्या नावावर जमा करणं हे १९६९ पेक्षा आज कितीतरी सोपं आहे.

अशी लेव्ही लागली तर इटर्नलचा नफा कमी दिसेल, शेअर काही दिवस पडेल, आणि माझ्या घरी येणारी कोथिंबीर दोन-चार रुपयांनी महागेल. मला ते चालेल. त्यानंतरही बाजारानं बिस्किटापेक्षा अ‍ॅपला चढा भाव दिला तर तो त्या कंपनीनं स्वतः कमावलेला असेल, आणि रांजणगावच्या कामगाराच्या पीएफमधून तो शेअर घ्यायला माझी हरकत राहणार नाही. निफ्टीचा आढावा दर सहा महिन्यांनी होतो. लाल पेटीवाल्या पोराच्या नावानं खातं उघडायला त्याहून जास्त वेळ का लागावा, हे मुंबईतल्या कामगार खात्यानं सांगावं.